चालायचे बूट, शिवणाऱ्या बाईच्या नजरेनं

आधी निकाल सांगते. सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानातून १,७९९ रुपयांना घेतलेले हे चालायचे बूट चांगले आहेत. आजवर कधी व्यायाम केला नाही आणि आता चालायला सुरुवात करायची आहे, अशा माणसानं याच प्रकारचे बूट घ्यावेत असं माझं मत आहे. पाचपैकी चार गुण देते. एक गुण कशाचा कापला ते पुढे सांगते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मॉडेलं भराभर बदलतात आणि हाच जोड तुम्हाला मिळेलच असं नाही. बुटात काय बघायचं हे कळलं, की कुठल्याही दुकानात निवड करता येते.

मी शाळेचे गणवेश शिवते. शर्ट, ट्युनिक, हाफ पँट, जे काम येईल ते, नगावर मजुरी. सोलापुरात शिवलेले गणवेश कुठल्या कुठल्या राज्यांत जातात. शाळा उघडायच्या आधीचे महिने तर मान वर करायला फुरसत नसते. पूर्वी पायाची मशीन होती तेव्हा निदान पाय हलायचे. मोटार बसवल्यापासून सगळं काम कंबरेच्या वर. पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करायला लावली, आकडा आला ६.१. ५.७ च्या खाली असता तर प्रश्न नव्हता, ६.५ पासून मधुमेह धरतात. म्हणजे मी काठावर. डॉक्टर म्हणाले, "गोळी आत्ताच नको. आधी चाला. आणि चपलेवर चालू नका."

चपलेवर का नाही, हे मी त्यांना विचारलं. चप्पल पायात टिकवून धरायला बोटं सतत आवळलेली राहतात, टाचेला मागून काही आधार नसतो, आणि पातळ तळाच्या चपलेवर रोज डांबरी रस्त्यावर चाललं की तळपायाची शीर ताणली जाते. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते ना, तिचं मूळ बहुतेक वेळा इथं असतं. आमच्या गल्लीत अशी टाच धरून बसलेल्या किती बायका आहेत. त्यातल्या बऱ्याच जणींनी कधी तरी हौसेनं चालायला सुरुवात केली होती आणि टाच दुखली म्हणून सोडून दिलं. चालणं फुकट आहे असं म्हणतात. त्यात एकच खर्च आहे तो बुटाचा, आणि तो टाळला तर चालणंच बंद पडतं.

बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभर बसून, उभं राहून पाय थोडा फुगतो. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळायला लागतो. मी माप घरूनच काढून नेलं होतं. जमिनीवर कागद ठेवायचा, भिंतीला टाच टेकवून त्यावर पूर्ण वजन देऊन उभं राहायचं, आणि सगळ्यात लांब बोटापुढं पेन्सिल सरळ उभी धरून खूण करायची. मग टेप लावायची. माझा उजवा पाय २४ सेंटिमीटर, डावा २४.४. दोन्ही पाय तंतोतंत सारखे असलेली माणसं कमीच. मोठ्या पायाचं माप धरायचं आणि वर साधारण एक सेंटिमीटर जागा सोडायची. शर्टाला छातीत जसं लूज धरतो तसंच हे, अंगाला चिकटून शिवलं तर हात वर होत नाही. बूट घालून उभं राहिल्यावर लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीइतकी मोकळीक लागली, की लांबी बरोबर.

रुंदीकडं मात्र कुणी बघत नाही, आणि माझ्या मते आपल्या बायकांच्या बाबतीत खरी अडचण तीच आहे. बायकांच्या कप्प्यात मला दाखवलेले बूट गुलाबी, जांभळे, दिसायला सुरेख, पण पुढून निमुळते. आयुष्यभर घरात अनवाणी आणि बाहेर चपलेत वावरलेला पंजा पसरलेला असतो. तो त्यात कोंबला की करंगळी दुमडते. दुकानातला मुलगा हुशार होता. माझा पाय बघून म्हणाला, "काकू, जेन्ट्समध्ये सहा नंबर घालून बघा की. लांबी तीच, पंजा मोठा मिळंल." आपल्याकडं बऱ्याच कंपन्या यूके नंबर लावतात. त्यात बायकांचा सहा आणि पुरुषांचा सहा लांबीला एकच, फरक येतो तो साच्याच्या रुंदीत. राखाडी रंगाचा, निळी पट्टी असलेला पुरुषांचा सहा नंबर पायात घातला आणि पाचही बोटं आत मोकळी हलली. तो घेतला. बुटाचा रंग बघत बसू नका, पंजा बघा.

आता माझ्या कामाची गोष्ट, शिवण. वरचं कापड पॉलिएस्टरच्या जाळीचं आहे, दोन थरांचं. बाहेरची जाळी मोठ्या छिद्रांची, आतली बारीक. पुढच्या टोकाला आणि बाजूंना पट्ट्या शिवलेल्या नाहीत, उष्णतेनं चिकटवल्या आहेत. याचा फायदा असा की आतून घासायला शिवणच नाही. मी दुकानात बुटात हात घालून आतली प्रत्येक कड बोटानं चाचपली. मुलगा बघत होता, पण मी सांगेन की तुम्हीही असंच करा. बोटाला जे टोचतं ते पायाला दोन किलोमीटरनंतर फोड आणतं. जिभेला आणि नाडीच्या पट्टीला शिवण आहे. तिथं दुहेरी टीप आहे, टाके बारीक, इंचाला दहा-अकरा, आणि ताण येतो तिथं सुरुवातीला आणि शेवटी उलट टीप मारून दोरा पक्का केलेला. या किमतीत इतकं नीट काम मला अपेक्षित नव्हतं. याच्या दुप्पट किमतीचा एक जोड तिथंच बघितला, त्याच्या जिभेची टीप वाकडी गेली होती आणि दोऱ्याचं टोक लोंबत होतं.

बाकीच्या परीक्षा सोप्या आहेत. टाचेमागचा भाग दोन बोटांनी दाबा. तो सहज आत बसत असेल तर चालताना टाच डुगडुगणार. पुढचं टोक आणि टाच धरून बूट वाकवा. तो पंजापाशी वाकला पाहिजे, कारण पाऊल उचलताना पाय तिथंच वाकतो. मधोमध दुमडला तर परत ठेवून द्या. मग ओलं फडकं पिळतात तसं पिळून बघा, थोडा विरोध जाणवायला हवा. या जोडानं तिन्ही परीक्षा पार केल्या. तळाचा जाड थर ईव्हीए फोमचा, हलका आणि दाबला की परत वर येणारा. खाली टाचेला आणि पंजाला रबर, मधल्या भागात फोम उघडाच. एक बूट किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला, २४० ग्रॅम भरला. पहिल्यांदाच चालणाऱ्याला हलका बूट फार उपयोगी पडतो, कारण सुरुवातीला थकतात ते पाय उचलणारे स्नायू.

बूट आले म्हणून लगेच तासभर चालायचं नसतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं दहा मिनिटं, आणि मी दहाच मिनिटं चालले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे कमीत कमी आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. पण त्याच शिफारशीत हेही आहे की थोडंसुद्धा न करण्यापेक्षा चांगलं, आणि सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत ही जुनी अट त्यांनी काढून टाकली आहे. माझ्यासारखीला याचा केवढा आधार आहे! दुपारच्या चहाआधी पाच मिनिटं, रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, सगळं मोजलं जातं. जेवणानंतर चाललं की रक्तात चढलेली साखर स्नायू वापरून टाकतात, म्हणून काठावरच्या लोकांनी रात्रीची दहा मिनिटं अजिबात सोडू नयेत.

आणि दहा हजार पावलांचं ओझं डोक्यावर घेऊ नका. माझी मुलगी फोनवर रोज तो आकडा दाखवायची. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून तो ठरलेला नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज ४,४०० च्या आसपास पावलं टाकणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० टाकणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढं फायदा वाढत गेला नाही. मी स्वतः पावलं मोजत नाही. वेग तेवढा बघते. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली की तो मध्यम श्रम धरतात.

वेग बघायला आमच्याकडं सोपी रीत आहे. शेजारच्या अक्का माझ्याबरोबर येतात. त्या तेलुगू, विड्या वळतात, त्यांचंही काम दिवसभर मांडी घालून. चालता चालता बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, हा नियम. अक्का गप्पा मारायला लागल्या आणि मध्येच थांबून श्वास घेऊ लागल्या, की आम्ही हळू होतो. पार्क चौकात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आलो की मी नावं म्हणते: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेली ही आमच्या गावची माणसं. चारही नावं एका दमात नीट म्हणता आली तर वेग बरोबर आहे. मध्ये अडखळले तर मी जास्त जोरात चालले. अक्कांनाही आता ती पाठ झाली आहेत.

सोलापुरात चालायचं तर वेळ उन्हाशी ठरवावी लागते. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असतो, कधी ४३-४४ पर्यंत जातो, आणि संध्याकाळी सातलासुद्धा रस्ता खालून तापलेला लागतो. मेमध्ये पावणेसहाच्या सुमारास उजाडतं, तेव्हाच निघायचं आणि ऊन चढायच्या आत घरी. जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, मग थोडं उशिरा निघालं तरी चालतं. पाणी निघायच्या आधी प्यायचं, परतल्यावर पुन्हा. नळाला पाणी यायच्या दिवशी आमचं सकाळचं चालणं होत नाही, भांडी, पिंप, हंडे भरायचे असतात. त्या दिवशी रात्रीच्या फेरीवर भागवतो. पाण्याच्या दिवशी खाडा झाला म्हणून वाईट वाटून घेऊ नये, दुसऱ्या दिवशी निघावं.

जागेचं म्हणाल तर पहिले काही आठवडे आमची गल्लीच पुरली. दमलं तर घर जवळ असावं. नंतर सिद्धेश्वर तलावाकडं जायला लागलो. पाण्याच्या मधोमध मंदिर, पहाटेचा गारवा, आणि बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी लोकांना श्रमदानाला लावून तळं खोदवलं ती कथा इथल्या प्रत्येकाला ठाऊक. चालायला जायला यापेक्षा चांगलं ठिकाण मला माहीत नाही. दर्शनाला आत जाताना बूट काढावे लागतात, त्यामुळं नाडी सुटसुटीत हवी. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा होम मैदानाच्या बाजूला पाळणे, दुकानं आणि गर्दी असते. त्या दिवसांत चालण्यासाठी तिकडं जाऊ नका, यात्रेसाठी जा. रविवारी मुलगी मोटरसायकलवरून विजापूर रोडला कंबर तलावाकडं नेते. हिवाळ्यात तिथं बाहेरून आलेले पक्षी दिसतात, आणि ते बघत बघत आम्ही नेहमीपेक्षा जास्त चालतो.

आता कापलेला गुण. पावसाळ्यात डाव्या बुटाचा तळ पुढच्या टोकाला सुटायला लागला. वरची शिवण एवढी चांगली आणि तळ नुसता चिकटवलेला, याचं मला फार वाईट वाटलं. माझ्या हातून असा गणवेश गेला असता तर कटिंग मास्तरांनी परत फेकला असता. सात रस्त्याकडं बसणाऱ्या एका चांभार दादांकडं नेला. त्यांनी आधी जागा घासून साफ केली, नवं सोल्यूशन लावलं, वाळू दिलं, आणि पुढच्या टोकाला आरीनं जाड नायलॉनच्या दोऱ्याचे टाके घातले. इतके सारखे टाके की मी बराच वेळ बघत राहिले. साठ रुपये घेतले. ती सांधणी आजही पक्की आहे. माझा सल्ला असा, की चिकटवलेल्या तळाचा कुठलाही नवा बूट आणला तर पावसाळ्याआधीच पुढच्या टोकाला टाके घालून घ्या.

दुसरी तक्रार तळाच्या खाचांची. त्या खोल आणि अरुंद आहेत. फरशीवर पकड उत्तम, पण शहराबाहेर पाऊस पडून गेल्यावर आपली काळी माती त्यात अशी भरते की पाऊल जड होतं. जुन्या टूथब्रशनं ती ओली असतानाच काढावी, वाळली की निघता निघत नाही. आतली गादी पातळ आहे आणि काही महिन्यांत टाचेखाली दबली. ती सुटी निघते, त्यामुळं बदलता येते. नाड्या गुळगुळीत, गोल, सारख्या सुटतात. मी त्या काढून चपट्या सुती नाड्या ओवल्या. सगळ्यात वरचं जे जादा छिद्र असतं त्यातून नाडी ओवून आधी छोटा फास करायचा, त्यातून समोरची नाडी घ्यायची आणि मग गाठ मारायची. टाच वर उचलत नाही आणि नखं पुढं आपटत नाहीत. उतारावर याचा गुण लगेच कळतो.

साडीवर हे बूट चालतात का, हे मला बऱ्याच जणी विचारतात. चालतात. साडी घोट्याच्या वर एक-दोन बोटं नेसायची, म्हणजे फॉल बुटाखाली येत नाही. वेल्क्रोचे बूट मात्र घेऊ नका, त्याचे काटे साडीचा धागा ओढतात. मी स्वतः सकाळी पंजाबी ड्रेस घालते, अक्का नऊवारीसारखा काष्टा घालून येतात आणि माझ्यापेक्षा भरभर चालतात. लोक बघतात ते पहिले थोडेच दिवस, नंतर त्याच बायका विचारायला येतात की बूट कितीला घेतले.

मोजे वेगळे घ्या आणि चांगले घ्या. निव्वळ सुती मोजा घामानं भिजतो आणि ओलाच राहतो, मग फोड येतात. थोडं नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिसळलेला, टाचेला जाड विणलेला आणि बोटांवर शिवणीची गाठ नसलेला मोजा बघा. ज्यांना आधीच मधुमेह आहे, पाय बधिर वाटतात, त्यांनी बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा-काटा नाही ना ते रोज बघावं आणि रात्री तळपाय तपासावेत. अशांनी हा बूट माझ्या सांगण्यावरून घेऊ नये, डॉक्टरांना विचारून खोल आणि मऊ आतल्या गादीचा घ्यावा. चालताना छातीत दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, चक्कर आली, तर तिथंच बसा आणि दवाखाना गाठा. गुडघा थोडा कुरकुरला तर वेळ कमी करा. दुखणं दुसऱ्या दिवशीही टिकलं तर विश्रांती घ्या.

माझी साखर आता ५.८ आहे. सगळं श्रेय बुटाला देणार नाही. चहातली साखर गेली, रात्री भाताऐवजी कडक भाकरी आली, आणि शेंगा चटणी तेल कमी घालून खाते. पण चालणं टिकलं नसतं तर बाकीचंही टिकलं नसतं, आणि चालणं टिकलं कारण पाय दुखला नाही. हे मी मनापासून सांगते.

धुताना मशीनमध्ये टाकू नका, चिकटवलेल्या जागा सुटतात. गादी आणि नाड्या काढून, कोमट पाण्यात थोडी साबण पावडर घालून ब्रशनं घासा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि सावलीत वाळवा. आपल्या उन्हात फोम कडक होतो, चिकटवलेला भागही उकलतो. असा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो असं धरतात. रोज दोन-अडीच किलोमीटर चालणाऱ्याला तो साधारण सात महिने ते वर्षभर पुरतो. तळाच्या बाहेरच्या कडेचं रबर झिजून फोम दिसायला लागला, किंवा बूट टेबलावर ठेवल्यावर मागून एका बाजूला कललेला दिसला, की बदला. माझ्या उजव्या टाचेचं रबर आता तिथवर आलं आहे. पुढचा जोडही याच दुकानातून, पुरुषांचा सहा नंबर, पण तळ शिवलेला मिळतो का ते आधी विचारणार आहे.